पडवीतलं ऊन

माझे वडील उन्हात कधी आजारी पडले नाहीत. नांगरणी, लावणी, लाकडं फोडणं, सगळं त्यांनी डोक्याला एक पंचा गुंडाळून आयुष्यभर केलं. त्यांना ऊन लागलं ते घरात. पडवीत, पंख्याखाली, बाकावर बसलेले असताना. मला हे इतकं चमत्कारिक वाटलं की पुढचे दोन महिने माझ्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही.

आम्ही सापगावचे. थोडी भातशेती आहे, आणि मी शहापूरच्या एका शाळेत प्रयोगशाळेत मदतनीस आहे. म्हणजे नळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, सरांनी सांगितलेलं सामान टेबलावर मांडायचं आणि तास संपला की उचलायचं. सव्वीस वर्षं हेच करतोय. मुलांचे प्रयोग इतके मांडून दिले, पण आपल्याला काही प्रश्न पडावा आणि आपण काही मांडून बघावं, असं कधी झालं नव्हतं.

एप्रिलचे सुरुवातीचे दिवस होते. शाळा सकाळची. मी एकच्या सुमारास घरी आलो तेव्हा बायको दळण घेऊन नुकतीच परतली होती आणि पडवीत आमच्या वाडीवरच्या मावशी वडिलांच्या अंगावर कळशीनं पाणी ओतत होत्या. या मावशी गावाबाहेरच्या वाडीत राहतात. राबासाठी पाला तोडायला, लावणीला, कापणीला आमच्याकडे येतात. साठीच्या असतील. त्या पाला टाकून पाणी प्यायला म्हणून पडवीत आल्या आणि वडिलांशी बोलायला लागल्या, तर वडील त्यांना सांगत होते की ढवळ्याला पाणी दाखव. ढवळ्या बैल जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

"दादा, बाबा भलतंच बोलतात," मला बघून त्या म्हणाल्या. "अंग बघ, तव्यासारखं. घामाचा थेंब नाय."

मी हात लावला. खरंच कोरडं आणि कढत अंग होतं. मी तांब्या त्यांच्या तोंडाला लावायला गेलो तर मावशींनी माझा हात धरला.

"तोंडात नको ओतू. शुद्ध नाय धड, ठसका लागंल. अंगावर ओत. काखेत, मानेवर."

आम्ही तिघांनी त्यांना हॉलमध्ये आणलं, सदरा काढला, ओल्या साडीत गुंडाळलं. शेजारची रिक्षा निघाली तोवर बायको त्यांच्या पायांवर पाणी मारत आणि मावशी सुपानं वारा घालत होत्या. रिक्षातही ओली साडी होतीच, आणि पाण्याचा एक कॅन.

शहापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर वयानं लहान होत्या. सलाईन लावून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"दुपारी शेतात होते का?"

"नाही, घरात होते."

"घरात कुठे?"

"पडवीत. वर पत्रा आहे. पण सावली आहे आणि पंखा चालू होता."

"पत्र्याखालची हवा गरम, आणि पंखा तीच हवा त्यांच्या अंगावर फेकत होता," त्या म्हणाल्या. "पाणी किती प्यायले होते?"

ते मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी वडील भानावर आल्यावर त्यांनाच विचारलं, तर म्हणाले, "तहानच नाय लागली." त्यावर डॉक्टर म्हणाल्या की वय झालं की तहान उशिरा लागते, काहींना लागतच नाही, तिच्या भरवशावर राहू नका. वडील मला म्हणाले, "तहान लागली नाय, हे माणसाला कळायचं कसं रे?"



तीन दिवसांनी घरी आणायचं ठरलं तेव्हा खरा पेच पडला, ठेवायचं कुठे? आमचं घर तीन तऱ्हांचं आहे. मधला हॉल आणि एक खोली स्लॅबची, आठ वर्षांपूर्वी बांधलेली. पुढे पडवी आणि बाजूला स्वयंपाकघर, दोन्हीवर पत्रा. आणि मागे जुन्या घराची एक खोली राहिली आहे, कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्यांच्या भिंतींची, शेणामातीनं लिंपलेली, वर कौलं. तिच्यात भाताची कणगी आणि अडगळ. मी म्हणालो हॉलमध्ये ठेवू. बायको म्हणाली, "हॉलमधी संध्याकाळी बसवत नाय, तुमी शाळेतून येऊन झोपता म्हणून तुमाला माहीत नाय." चुलतभाऊ म्हणाला आंब्याखाली खाट टाका. प्रत्येकाचं मत होतं आणि कुणालाच खरं माहीत नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, मोजू या ना.

मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाऱ्याचे थर्मामीटर नेऊ नका, घरात फुटला तर भलतंच होईल. ते लाल स्पिरिटवाले न्या पाच. सुट्टी संपून शाळा उघडली की परत आणा." मी रजिस्टरवर सही केली. एरवी दुसऱ्यांच्या सह्या घेणारा मी, मला त्या दिवशी उगीचच लहान मुलासारखं वाटलं.

एक पडवीत, एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात, एक कुडाच्या खोलीत आणि एक बाहेर आंब्याच्या फांदीला, असे पाच लावले. पडवीतल्या नळीतला लाल दोरा इतका वर गेला की मी घाबरून सगळ्यांना हाका मारल्या. बायको आली, बघितलं आणि म्हणाली, "तुमी तो पत्र्याच्या पाइपाला बांधलाय. हवा मोजताय का लोखंड?" मग जरा थांबून, "आणि बाबा काय आढ्याला बसतात? जिथं त्यांचं डोकं असतं तिथं लावा ना."

सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. थर्मामीटर सुतळीनं बाकाच्या उंचीवर टांगले.

मग जे दिसलं ते असं. दुपारी तीनला आंब्याखाली चाळीस, पडवीत चव्वेचाळीस. म्हणजे वडील बाहेर झाडाखाली बसले असते तर बरे राहिले असते. हॉलमध्ये अडतीस होतं, त्यामुळे मी खूश झालो. पण संध्याकाळी दिवे लागल्यावर आंब्याखाली बत्तीसवर आलं तरी हॉल अडतीसवरच अडून बसला होता. स्लॅब दिवसभर ऊन पिऊन आता आम्हाला परत देत होता. आणि आम्ही काय करायचो? दिवसभर हवा यावी म्हणून खिडक्या उघड्या टाकायचो आणि संध्याकाळी डासांच्या भीतीनं बंद करायचो. अगदी उलटं. बायकोनं दुसऱ्याच दिवशी खिडक्यांना जाळी लावून घेतली. दुपारी खिडक्या आणि पडदे बंद, दिवेलागणीनंतर सगळं उघडं.

कुडाच्या खोलीत दुपारी पस्तीस होतं. मी तीनदा बघितलं. थर्मामीटर बदलून बघितला. पस्तीसच. मागे फणस आहे, त्याची सावली कौलांवर पडते, भिंत मातीची आणि कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, हे सगळं मला नंतर विज्ञानाच्या सरांनी समजावलं. त्या वेळी मी नुसता त्या अडगळीकडे बघत उभा होतो. घरातली सगळ्यात चांगली जागा आम्ही भाताला दिली होती.

वडील ऐकेनात. "कणगीपाशी झोपू काय मी? तिथून रस्ता दिसत नाय." त्यांचं दुःख तेच होतं. पडवीत बसलं की येणारा-जाणारा दिसतो, हाक मारता येते. वाडीवरच्या मावशी तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "कुडाला खिडकी पाडायला काय लागतं बाबा? कोयती दे गो." आणि दोन तासांत त्यांनी कारवीच्या काठ्या कापून, कडेनं कामट्या गुंफून, शेणकाला लावून रस्त्याच्या बाजूला हातभर खिडकी केली. सिमेंटच्या भिंतीत हे जमलं नसतं.

खोली रिकामी करताना कणगीच्या बुडाशी विंचू निघाला. उन्हाळ्यात तेही गारवा शोधत येतात, हे त्या दिवशी कळलं. बायकोनं चिमट्यानं धरून तो बरणीत टाकला आणि लांब माळावर सोडून आली. मग मावशींनी दंडक घातला की खाट भिंतीपासून वीतभर लांब राहील, गोधडी झटकल्याशिवाय अंगावर घ्यायची नाही आणि चपलेत पाय घालण्याआधी ती आपटायची. वडील अजून चपला आपटतात, दवाखान्यात गेले तरी आपटतात.

राहिला प्रश्न पाण्याचा. तहान लागत नाही तर पिणार कसं? आम्ही मागे लागलो की वडील चिडत. "म्हशीवानी पाजताय मला." युक्ती बायकोची. तिनं शाळेच्या जुन्या वहीचे कोरे कागद शिवले, पेन्सिल बांधली आणि वही त्यांच्या हातात दिली. "बाबा, हे दिवसभर कामावर आणि मला सतरा कामं. आकडे तुमी लिहा. दर तासाला बघायचं, लिहायचं, आणि लिहिलं की हा गडवा रिकामा करायचा."

वडील चौथी शिकलेले. पहिले दोन दिवस त्यांनी वही नुसती मांडीवर ठेवली. तिसऱ्या दिवशी मी घरी आलो तर म्हणाले, "दहा ते अकरा एकदम चढला. अकरा ते बारा थांबला. का रे?" मला आनंद लपवता येईना. कारण मलाही तेच कळत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं बाहेर जाऊन बघितलं, तर अकरानंतर फणसाची सावली सरकून कौलांवर येत होती. माझ्या आठवणीत वडील आणि मी मिळून एखाद्या गोष्टीचं कारण शोधायला गेलो, असं पहिल्यांदाच घडलं.

एवढं झाल्यावर एका दुपारी बायकोनं जेवण वाढता वाढता विचारलं, "बाबांचं झालं. माझं काय?"

मी ताटावरून मान वर केली.

"स्वयंपाकघरातला आकडा कधी बघितलात? अकरा वाजता, गॅस चालू असताना?"

मी तिथला थर्मामीटर लावून विसरून गेलो होतो. तो फक्त तीनला बघायचो, गॅस बंद असताना. दुसऱ्या दिवशी रविवार होता. अकराला भाकऱ्या चालू असताना आत जाऊन बघितलं. पंचेचाळीस. पडवीपेक्षा जास्त. ती तिथे रोज तीन तास उभी असायची, आणि डोकं दुखतं म्हणायची, आणि मी गोळी आणून द्यायचो.

मी लाजेनं आणि उत्साहानं, दोन्हींनी पेटलो. पत्र्यावर सावली हवी. घरात पेंढा होता. मी त्याच्या पेंड्या पत्र्यावर पसरल्या, वर बांबू बांधले. दुसऱ्या दिवशी अकराला बायकोनं आकडा बघून ठेवला, तो पाच अंशांनी खाली आला होता. मी वही घेऊन वडिलांना दाखवायला गेलो.

त्यांनी वही बघितली नाही. "पेंढा? पत्र्यावर? राबाचे दिवस हायेत रे."

राब म्हणजे लावणीच्या आधी रोपांच्या जागेवर पाला, शेण, गवत पसरून भाजतात ते. आमच्याकडे उन्हाळाभर कुठे ना कुठे धूर असतोच. मी म्हणालो, "आपल्या राबाला वेळ आहे, आणि तो लांब आहे." मी आकडा बघत होतो, ते वारा बघत होते.

सहा-सात दिवसांनी मागच्या शेतात शेजाऱ्यांनी राब भाजायला घेतला. नेहमी सकाळी लवकर, वारा पडलेला असताना भाजतात. त्या दिवशी त्यांना उशीर झाला. दहाच्या सुमारास वारा फिरला. मी शाळेला सुट्टी लागल्यामुळे घरी होतो, अंगणात टाकी धूत होतो. वडील त्यांच्या खिडकीतून ओरडले, "पान आलं! पान आलं!"

एक जळतं सागाचं पान तरंगत आलं आणि पत्र्यावर उतरलं. मी ते उतरताना बघितलं. इतकं सावकाश आलं की मला वाटलं विझेल. विझलं नाही. पेंढ्यानं आवाज न करता पेट घेतला.

मी पाण्याकडे धावलो आणि आठवलं, टाकी मी आत्ताच रिकामी केली होती. बायको आत भाकरी टाकत होती. तिनं धूर बघितला, गॅस बंद केला, रेग्युलेटर काढला आणि सिलिंडर जमिनीवरून ओढत अंगणात आणला. बाहेर येऊन मग ओरडली, "मेन स्विच!" तो मी पाडला. मावशी राबाच्याच कामावर होत्या, त्या शेतातून धावत आल्या. त्यांच्या हातात झाडाच्या फांद्या ओढायची लांब आकडी होती. त्यांनी पाणी मागितलंच नाही. आकडीनं पेंढा पत्र्यावरून खाली ओढायला लागल्या. जळता, न जळता, सगळा अंगणात. आम्ही तो ओल्या गोणपाटांनी आणि हिरव्या फांद्यांनी झोडपत होतो. शेजारी हंडे घेऊन आले. पाव तासात सगळं विझलं. पत्र्याचा एक कोपरा काळा पडला आणि बायकोच्या मनगटाला चटका बसला. मी तिचा हात धरून हंड्यातलं पाणी बराच वेळ त्यावर सोडत राहिलो.  वडील काठी टेकत आले, पत्र्याकडे बघितलं, आणि काठीनं काळा पेंढा बाजूला सारायला लागले. दोघांपैकी कुणी रागावलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

एका आकड्यावर नजर लावून बसलं की बाकीचं दिसत नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

त्या संध्याकाळी बायको माहेरी फोनवर बोलत होती. तिचं माहेर मुरबाडकडचं. भाऊ एका पोल्ट्रीच्या शेडवर कामाला आहे. तिनं त्याला सगळं सांगितलं. तिकडून तो इतका मोठ्यानं हसला की मला ऐकू आलं.

"अगो, पेंढा कशाला? आमी पत्र्याला चुना मारतो. दर उन्हाळ्यात. नायतर कोंबड्या पटापट मरतात. शेडमधी थर्मामीटर पण हाय."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "ऐकलंत? कोंबड्यांसाठी सगळं हाय."

रविवारी आम्ही जीपनं मुरबाडला गेलो. मेहुण्यानं शेड दाखवली. लांबलचक पांढरा पत्रा, कडेला गोणपाटाचे पडदे, आणि कोंबड्यांच्या डोक्याच्या उंचीवर टांगलेला थर्मामीटर. बायकोनं माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघंही हसलो. मी चाळीस प्रश्न विचारले असतील. चुना किती, पाणी किती, धुऊन जाऊ नये म्हणून त्यात डिंक का घालतात, पत्र्यावर पाय का द्यायचा नाही. मेहुण्याला कौतुक वाटलं. त्याला इतकं कुणी कधी विचारलं नव्हतं.

सकाळी सहाला, पत्रा थंड असताना, शिडीवर उभं राहून लांब दांड्याच्या ब्रशनं मी दोन हात दिले. पडवी आणि स्वयंपाकघर दोन्ही. आकडा पेंढ्याइतका नाही, पण चार अंशांनी उतरला. उरलेलं बायकोनं स्वतः केलं. स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरकायचा, दुपारी गॅस पेटवायचा नाही, आणि भिंतीत वरच्या बाजूला एक झरोका पाडून घेतला. डोकेदुखीच्या गोळ्या कपाटात तशाच पडून राहिल्या.

मेच्या मध्याला एक नवीनच कोडं पडलं. वडिलांनी वहीत छत्तीस लिहिलं होतं, त्याआधीच्या आठवड्यात अडतीस होतं. तरी सगळ्यांचा जीव कासावीस. पंख्याखाली बसूनही घाम नुसता ओघळत होता. वडील वहीवर बोट ठेवून म्हणाले, "हा खोटं बोलतो." मी थर्मामीटर तपासायला निघालो होतो. बायको दोरीवरचे कपडे काढत होती. ती म्हणाली, "आज साडी दुपारपर्यंत वाळली नाय. मागल्या आठवड्यात तासात वाळायची."  साडी वाळत नाही म्हणजे घामही वाळत नाही. हवेत ओल आली होती. अंगावर ओलं फडकं घेऊन पंख्याखाली बसायचा आमचा उपाय त्या दिवशी चालेना, तो का, ते साडीनं सांगितलं. तेव्हापासून वहीत आणखी एक रकाना आला: फडकं दोरीवर किती वेळात वाळलं. तो बायको सांगते, वडील लिहितात. ज्या दिवशी फडकं वाळत नाही त्या दिवशी, आकडा काही का असेना, वडिलांनी अंगणातसुद्धा जायचं नाही.

शाळा उघडायच्या आधी मी एक थर्मामीटर घेऊन वाडीवर गेलो. मावशींना दोन वर्षांपूर्वी योजनेतून घर मिळालं आहे, विटांचं, वर पत्रा. मला त्याचा आकडा हवा होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना काहीतरी दाखवावं, असंही वाटत होतं. दुपारचे दोन वाजले होते. नव्या घराचं दार उघडलं तर आत सरपण, शेणी आणि दोन कोंबड्या. मावशी पलीकडे, जुन्या कुडाच्या झोपडीत, जमिनीवर पाणी शिंपडून आडव्या झाल्या होत्या. शेजारी सून आणि तान्हं नातवंड.

"नव्या घरात का नाही झोपत?" मी विचारलं.

"त्याच्यात दिवसा माणूस राहील काय? पावसाळ्यात जातो आमी तिकडं."

मी दोन्हीकडे थर्मामीटर लावला. नऊ अंशांचा फरक. मी त्यांना तो दाखवला. त्यांनी काचेची ती नळी हातात घेऊन खालीवर करून बघितली, लाल दोरा चढतो-उतरतो कसा ते विचारलं, बोटांनी गोळा धरून तो चढवूनही बघितला. मग म्हणाल्या, "मला ठाऊकच व्हतं ते तू काचेत बघितलंस."

"हो," मी म्हणालो.

मग त्यांनी बाळाच्या झोळीकडे बोट दाखवलं. झोळी वर वाशाला बांधलेली, चारी बाजूंनी कापडानं झाकलेली, माश्या बसू नयेत म्हणून.

"त्याच्या आत किती असंल रे?"

हे मला सुचलं नव्हतं. मी नळी हळूच कापडाच्या आत धरली. बाळ झोपलेलं होतं, कपाळावर घामाचे बारीक थेंब. आम्ही तिघं लाल दोऱ्यावर वाकलो. झोपडीत जितकं होतं त्याहून झोळीत तीन अंश जास्त होतं. सुनेनं वरचं जाड कापड काढलं, झोळीची दोरी सोडून ती हातभर खाली बांधली, आणि माश्यांसाठी आपल्या जुन्या ओढणीचं पातळ टोक वर टाकलं. मी पुन्हा नळी धरली. लाल दोरा सावकाश उतरायला लागला.

"थांब, अजून काढू नको," मावशी म्हणाल्या आणि माझ्या शेजारी बसून बघत राहिल्या.